आयांची मॅडम

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात चेन्नईत पाण्याचे फार हाल होते. विद्युलता पोंक्षे नोकरीच्या पहिल्या दिवशी तांबरमला पोचली, तेव्हा मुलांच्या त्या घराच्या फाटकाशी टँकर उभा होता आणि आत-बाहेर एकच धावपळ चालली होती. आया रंगीत प्लास्टिकच्या घागरी भरभरून आत नेत होत्या, टँकरवाला घाई करत होता. विद्युलताने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, सर्टिफिकेटांची पिशवी खिडकीत ठेवली, पदर खोचला आणि समोरची घागर उचलली. कनका नावाच्या एका तरुण आयाने तिला नवी बाई समजून, निम्मं पाणी रस्त्यावर सांडतेस म्हणून चांगलंच झापलं. टँकर गेल्यावर संस्थेच्या सेक्रेटरी सुंदरी मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी ओळख करून दिली, की ही तुमची नवी सुपरवायझर. कनकाने जीभ चावली. विद्युलता ओल्या साडीनिशी हसत उभी राहिली. पुढे कित्येक वर्षं नव्या आयांना ही गोष्ट रंगवून सांगितली जायची आणि दर वेळी सांडलेलं पाणी थोडं वाढायचं.

ती मूळची सांगलीची. नवरा अशोक रेल्वेच्या हिशेब खात्यात. त्याची बदली झाली म्हणून हे कुटुंब वेस्ट मांबलमच्या एका फ्लॅटमध्ये येऊन राहिलं होतं. दोन-तीन वर्षांत परत जायचंच आहे, असं म्हणता म्हणता मुलगा उन्मेष तमिळ पोरांसारखा तमिळ बोलू लागला, आणि घरात मराठी बोलताना शब्दासाठी अडू लागला. विद्युलता सांगलीत बालवाडी चालवायची. इथे आल्यावर भाजीवाली, शेजारीण आणि बसचा कंडक्टर यांच्याकडून ती तमिळ शिकली, घरबसल्या समाजकार्याची पदविका घेतली, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ही नोकरी तिला मिळाली.

त्या घराला सगळे नुसतं 'इल्लम' म्हणत. तमिळमध्ये इल्लम म्हणजे घर. बसस्टँडवर, इस्पितळाच्या पायऱ्यांवर, रेल्वेच्या डब्यात सापडलेली लहान मुलं पोलीस किंवा बालकल्याण समिती तिथे पाठवायची. काहींचे आईबाप सापडायचे, काही दत्तक जायची, काही शाळेच्या वयाची झाली की दुसऱ्या संस्थेत हलवली जायची. मुलांच्या कागदपत्रांचं काम बघायला वेगळी माणसं होती. विद्युलताचं काम आयांचं. कोण कुठल्या खोलीत, कोणाची सुट्टी, कोणाचं कोणाशी भांडण, स्वयंपाकीणबाई का रुसली, हे सगळं तिच्याकडे. आया तिला मॅडम म्हणत आणि तिच्यासमोर जरा जपून वागत. खोल्या स्वच्छ होत्या, मुलं वेळेवर जेवत होती. सुरुवातीचे काही महिने तिला वाटलं, आपलं उत्तम चाललं आहे.

मग एके सकाळी तिने नंदिताला पडताना पाहिलं.

नंदिता दोन वर्षांची होऊन गेली होती. अगदी तान्ही असताना ती इल्लममध्ये आली होती आणि अजून एक शब्द बोलत नव्हती. कानांची तपासणी झाली होती, कान चांगले होते. डॉक्टरांनी थोडं थांबून बघू म्हटलं होतं, पण ऑफिसात मात्र तिच्याबद्दल बोलताना 'गतिमंद असावी' असे शब्द येऊ लागले होते, आणि ते एकदा कागदावर उतरले की तिला दत्तक कोण नेणार, हा प्रश्नच होता. त्या सकाळी ती ओसरीच्या पायरीवरून घसरली. कपाळ दगडावर आपटलं, लगेच टेंगूळ आलं. विद्युलता धावली. पण ती पोचायच्या आत मुलगी उठून बसली होती. ती रडली नाही. तिने मान वळवून कोणाला शोधलंसुद्धा नाही. हाताने कपाळ दाबलं आणि ती पुन्हा चालू लागली.

पडलेलं मूल आधी आईकडे बघतं आणि मग रडायचं की नाही ते ठरवतं, हे विद्युलताने बालवाडीत शेकडो वेळा पाहिलं होतं. या मुलीला बघायला कोणी नव्हतंच.

दुपारी मुलं झोपल्यावर तिने आयांना जमवलं आणि विचारलं, नंदिताला काय आवडतं? कशाला घाबरते? झोपताना काय लागतं? बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, माझ्याकडे ती गेल्या महिन्यात होती, तेव्हा ठीक होती. दुसरी म्हणाली, माझ्याकडे फक्त या आठवड्यात आहे. कोणालाच काही सांगता येईना. विद्युलताला आधी राग आला, पण बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं, की यात या बायकांचा काहीही दोष नाही. इल्लमचा नियमच होता, दर सोमवारी आयांनी खोल्या बदलायच्या. एका बाईने एका मुलात गुंतू नये, मुलाने बाईत गुंतू नये. आणि तो नियम पाळला जातो की नाही, हे बघणं हे विद्युलताचंच काम होतं. ते ती चोख करत होती.

ती सुंदरी मॅडमकडे गेली. सुंदरी मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका, स्वभावाने करड्या पण मनाने सरळ. त्यांनी नियमाचं कारण सांगितलं. फार वर्षांपूर्वी एका आयाने आपल्या लाडक्या मुलाला, दत्तक आईबाप न्यायला यायच्या आदल्या दिवशी उचलून गावी नेऊन लपवलं होतं. पोलीस आले, संस्था बंद पडायची वेळ आली, आणि ती बाई तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आली. ते पुन्हा नको. विद्युलता म्हणाली, मला कारण पटतं, पण त्याची किंमत ही मुलं देतायत. वाद बराच वेळ चालला. शेवटी सुंदरी मॅडमनी मोजक्या मुलांजवळ एकच बाई कायम ठेवायची परवानगी दिली, आणि बजावलं, की काही झालं तर जबाबदारी तुझी.

त्यांतल्या बाकीच्या मुलांना बायका लगेच मिळाल्या. नंदिताला कोणी मागेना. जी हसत नाही आणि रडत नाही, अशा मुलीजवळ दिवस काढायचा कसा, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. तेव्हा मागे भिंतीशी बसलेली राजम्मा म्हणाली, माझ्याकडे द्या.

राजम्मा पन्नाशीची, सडपातळ, कपाळाला कुंकू नसलेली, कामापुरतं बोलणारी. ती शहरातल्या तिरुवल्लिकेणीहून बसने आणि मग गाडीने यायची. विद्युलताला तिच्याबद्दल यापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

काही दिवसांनी दुपारी विद्युलता जिन्यातून उतरत होती आणि मुलांच्या खोलीतून आवाज आला. "निज गे बाळे. अत्तां निज. अस्की पोरें निजलीं, तूं एकटी कां जागी?"

ती पायरीवरच थांबली. शब्द मराठी होते, पण त्यांचा हेल तमिळ होता, आणि त्यातला 'अस्की' हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. तिने दार लोटलं. राजम्मा नंदिताला मांडीवर थोपटत होती.

"तुम्ही मराठी आहात?" विद्युलताने विचारलं.

राजम्मा दचकली, मग हसू लागली. तिचं खरं नाव राजसबाई. तिची माणसं तंजावरची, कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली. इथे कामाला लागताना कोणीतरी राजम्मा लिहून घेतलं आणि तेच चालू राहिलं. 'अस्की' म्हणजे सगळी, हेही तिनेच सांगितलं. महिनोन् महिने या दोघी एकमेकींशी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलत होत्या. मोडकं विद्युलताचं, तोडकं राजसबाईंनी तिच्यासाठी सोपं केलेलं. त्या दिवसापासून विद्युलता त्यांना अहो-जाहो करू लागली. तिला ते ठरवावं लागलं नाही.

"सगळ्यांत तमिळच बोलतें," राजसबाई म्हणाल्या. "पण पोर मांडीवर असलें कीं घरचेंच तोंडांत येतें."

नंदिता बदलली, पण फार हळू. आधी ती राजसबाईंच्या पदराचं टोक धरून चालू लागली. मग त्या दुसऱ्या मुलाला भरवायला लागल्या की ती ताट ढकलू लागली. विद्युलताला हे असभ्य वागणं बघून मनातून बरं वाटायचं. आणि पावसाळ्याच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या कार्तिकातल्या पावसाच्या, एका संध्याकाळी राजसबाई घरी निघाल्या तेव्हा नंदिताने फाटकाच्या गजांना धरून असा हंबरडा फोडला, की रस्त्यावरची माणसं थांबली. कनका तिला आत ओढत होती. वरच्या खिडकीतून सुंदरी मॅडम बघत होत्या. मी हेच म्हणत होते, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"बघा ना मॅडम," कनका वैतागून म्हणाली, "रडते ती रडते, वर मोठ्या बाईला 'एय, एय' करून हाक मारते. कुठून शिकली ही?"

विद्युलताने कान देऊन ऐकलं. मुलगी 'एय' म्हणत नव्हती. ती रस्त्यावरच्या पाठमोऱ्या बाईला मराठीत बोलावत होती. ये. ये. ये.

ती तिथेच खाली बसली आणि तिने नंदिताला कुशीत घेतलं. कनकाला म्हणाली, "अगं, बोलली ती. पहिला शब्द बोलली." आणि मग तिने कनकाला त्या शब्दाचा अर्थ सांगितला.

यानंतर शब्द येतच गेले. पाणी, नको, उचल, माझें. पुढच्या तपासणीला विद्युलता स्वतः डॉक्टरांकडे गेली. मुलगी बोलते, पण मराठीत बोलते, हे ऐकून डॉक्टरही हसले. गतिमंद हा शब्द ऑफिसातून गेला. आणि वर्षभराच्या आत नंदितासाठी आईबाप मिळाले. वेल्लोरची हेमलता आणि तिचा नवरा ज्ञानशेखरन. तो शाळेत शिकवायचा, ती घरी शिवणकाम करायची. समितीची मंजुरी झाली. आता फक्त मुलीशी ओळख व्हायची आणि तिला घेऊन जायचं.

पहिली भेट वाईट झाली. हेमलताने हौसेने शिवून आणलेला झगा नंदिताने फेकून दिला आणि ती राजसबाईंच्या मागे जाऊन लपली. हेमलता पुढे आली की ती ओरडायची, "नको, नको." हेमलताला शब्द कळत नव्हता, पण कळायला काही उरलंही नव्हतं. जाताना तिचे डोळे भरले होते. ही मला आई म्हणेल असं वाटत नाही, ती नवऱ्याला म्हणत होती. राजसबाईंनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी राजसबाई कामावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. निरोप नाही, फोन नाही. नंदिता पहिल्या दिवशी फाटकाशी रडत राहिली, मग रडायची थांबली. तिने जेवण सोडलं नाही, त्रास दिला नाही. ती पुन्हा गप्प झाली. सुंदरी मॅडम म्हणाल्या, आता उगाच लांबवायला नको, त्या लोकांना बोलावून मुलगी सोपवून मोकळं होऊ. लहान आहे, विसरेल. विद्युलताने एक दिवस मागून घेतला आणि ती राजसबाईंचं घर शोधत गेली.

तिरुवल्लिकेणीच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना मॅन्शनी होत्या, एकट्या राहणाऱ्या नोकरदार पुरुषांच्या खोल्यांच्या इमारती. प्रत्येक कठड्यावर लुंग्या आणि शर्ट वाळत होते. राजसबाईंचा भाऊ मानाजी अशाच एका मॅन्शनचा मॅनेजर होता आणि तळमजल्यावर मागच्या अंगाला त्याचं बिऱ्हाड होतं. राजसबाई तिथे खाली बसून शेवग्याचा पाला खुडत होत्या. त्यांनी विद्युलताला बघून आश्चर्य दाखवलं नाही. उठून कॉफी केली, तिकडच्या पद्धतीने पेला-वाटीत आणून ठेवली आणि पुन्हा पाला घेऊन बसल्या.

विद्युलताने विचारलं, बरं नव्हतं का?

"मला कांहीं झालें नाहीं," राजसबाई म्हणाल्या. "मी मुद्दाम येत नाहीं. मी समोर असलें कीं पोर त्या बाईकडें जात नाहीं. बघितलें मी. मी नसलें तर जाईल."

"नाही जाणार. तिला वाटतंय तुम्ही तिला टाकून गेलात. ती परत गप्प झालीय, राजसबाई. काल बोट दारात सापडलं, तर रडलीसुद्धा नाही."

पाला खुडणारा हात थांबला. आतल्या खोलीत मानाजीचा रेडिओ चालू होता, तो त्याने बंद केला.

विद्युलता सावकाश बोलली. तिने सांगितलं, की तुम्ही तिला तुमच्या हाताने द्या. तुम्ही हेमलताजवळ बसलात, तिच्याशी हसलात, तर पोरीला कळेल की ही बाई आपली आहे. तुम्ही दिलंत तरच ती जाईल.

राजसबाईंनी खुडलेला पाला ताटात गोळा केला. मग म्हणाल्या, "देईन. पोराचें अस्के बघतात. समिती बघते, कोर्ट बघतें, तुम्ही बघतां. देऊन झाल्यावर माझें कोण बघेल, तें सांगा."

विद्युलताच्या पदविकेच्या पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं, इल्लमच्या नियमांतही नव्हतं. मुलांचा विचार करताना तिने बायकांना मुलांजवळ बसवलं होतं, आणि मूल गेल्यावर त्या बाईचं काय होतं, इथपर्यंत तिचा विचार गेलाच नव्हता.

"मी बघेन," ती म्हणाली. "कसं ते आत्ता मला सांगता येणार नाही. पण ते माझं काम आहे."

राजसबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पाल्याचं ताट बाजूला सारलं आणि कॉफी गार झाली म्हणून दुसरी करायला उठल्या.

सुंदरी मॅडमना पटवणं सोपं गेलं नाही, पण त्या राजी झाल्या. हेमलता तांबरमला एका नातेवाइकांकडे येऊन राहिली आणि रोज सकाळी इल्लममध्ये येऊ लागली. सुरुवातीला ती राजसबाईंशी अवघडून बोलायची. आपल्या मुलीच्या तोंडची भाषा दुसऱ्या बाईकडून शिकावी लागते, याचं तिला थोडं दुःख होतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. राजसबाईंनाही ते जड जात होतं. एकदा नंदिताने हेमलताच्या हातचा घास थुंकला आणि राजसबाईंच्या ओठांवर क्षणभर हसू आलं, ते विद्युलताने पाहिलं. राजसबाईंनीही ते तिने पाहिल्याचं पाहिलं. त्या उठून बाहेर गेल्या आणि मुद्दाम लांबवर जाऊन कपडे वाळत घालत राहिल्या. आत नंदिता थोडा वेळ दाराकडे बघत होती. मग हेमलताने दोऱ्याचं रिकामं रीळ जमिनीवरून घरंगळत सोडलं, आणि मुलगी त्याच्यामागे धावली.

त्यानंतर राजसबाई रोज थोड्या जास्त वेळ खोलीबाहेर राहू लागल्या. एका दुपारी नंदिता हेमलताच्या मांडीवर झोपली. हेमलताने हलायचं नाही म्हणून जेवणही टाळलं. राजसबाईंनी तिला तिथेच बसल्या बसल्या दहीभात कालवून दिला. दोघी हळू आवाजात बोलत होत्या, आणि विद्युलता दारातून परत फिरली.

न्यायच्या दिवशी सगळं इल्लम ओसरीवर जमलं. नंदिताला राजसबाईंनी न्हाऊमाखू घातलं, वेणी घातली, मोगरा माळला आणि स्वतः उचलून हेमलताच्या खांद्यावर दिलं. रिक्षाशी पोचताच मुलीच्या लक्षात आलं. तिने मागे हात पसरले आणि ती रडू लागली. "ये. ये."

त्यावर येते, येते म्हणून वेळ मारून न्यावी, असंच कोणालाही वाटलं असतं. राजसबाई रिक्षाजवळ गेल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. "मी येत नाहीं, नंदे," त्या म्हणाल्या. "तूं जा. ही तुझी अम्मा. अम्माबरोबर जा."

मुलगी रडतच गेली. पण रडताना तिने तोंड हेमलताच्या मानेत खुपसलं होतं.

रिक्षा वळल्यावर विद्युलताला आपलं वचन आठवलं, आणि ते पाळायचं कसं हे अजूनही तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने सरळ विचारलं, तुम्हाला आता काय हवं? राजसबाई म्हणाल्या, त्या रिकाम्या पलंगाची खोली मला काही दिवस नको. विद्युलताने त्यांना स्वयंपाकघरात काम दिलं. दुसरं मूल त्यांच्याकडे दिलं नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच, म्हणाली. आणि दुपारी मुलं झोपली की ती आयांना घेऊन मागच्या ओसरीवर बसू लागली. कामाचं बोलायचं नाही, एवढीच अट. पहिले काही दिवस बायका सुट्ट्या आणि सांबार यांवरच बोलल्या. मग एके दिवशी कनका अचानक म्हणाली, की तिच्याकडे मागे एक मुलगा होता, कानामागे तीळ असलेला. त्याला न्यायला माणसं आली त्या सकाळी ऑफिसातून तिला दूध आणायला पाठवलं. परत आली तर तो गेलेला. अजून रस्त्यात त्या वयाचा मुलगा दिसला की ती कानामागे बघते. सांगता सांगता तिने पदर तोंडावर घेतला. मग दुसरी बोलली, मग तिसरी. प्रत्येकीचं एकेक मूल निघालं. दर सोमवारी खोल्या बदलूनही निघालं.

सुंदरी मॅडम दारात उभ्या होत्या, त्या केव्हा आल्या कोणाला कळलं नाही. त्या तशाच आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्युलताला सांगितलं, की सोमवारचा बदल आता कायमचा बंद कर. आणि मूल सोपवताना त्याची बाई तिथे हजर असलीच पाहिजे, हेही सांगितलं.

काही आठवड्यांनी वेल्लोरहून फोन आला. हेमलता अगदी टेकीला आली होती. नंदिता सारखी 'आंगडें, आंगडें' म्हणून रडते. तमिळमध्ये अंगाडी म्हणजे दुकान, म्हणून नवरा तिला दर वेळी कडेवर घेऊन दुकानात जातो, गोळ्या-बिस्किटं घेऊन देतो, आणि घरी आली की ती पुन्हा तेच सुरू करते. विद्युलताने फोन राजसबाईंच्या हातात दिला. राजसबाईंनी ऐकलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या खळखळून हसल्या. आंगडें म्हणजे झगा. भिजला असेल, तो बदलून हवा असेल, एवढंच. पलीकडे हेमलता हसत नवऱ्याला हाका मारून सांगत असलेली सगळ्यांना ऐकू आली. पाठीमागून नंदिताचा आवाज येत होता, आणि ती स्वच्छ तमिळमध्ये भांडत होती.

त्याच आठवड्यात राजसबाई म्हणाल्या, ते नवीन आलेलं पोर रात्री झोपत नाही म्हणतात, माझ्याकडे द्या.

वर्षं जात राहिली. अशोकच्या बदलीचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा विद्युलतानेच तो उन्मेषच्या कॉलेजचं कारण देऊन मागे टाकला. दोन हजार नऊमध्ये संस्थेने शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक घर सुरू केलं, आणि तिथली आयांची सुपरवायझर म्हणून विद्युलताने कनकाचं नाव सुचवलं. कनका दहावी नापास होती; सुंदरी मॅडम कुरकुरल्या, मग तिला परीक्षेला बसवलं, ती पास झाली आणि रुजू झाली.

पहिल्या दिवशी विद्युलता तिला सोडायला गेली. कनकाने नवी सुती साडी नेसली होती आणि गाडीत ती सारखी निऱ्या नीट करत होती. स्टेशनवर उतरल्यावर तिने विचारलं, "मॅडम, आत गेल्यावर आधी काय बघू? स्वयंपाकघर, की मुलांच्या खोल्या?"

"आधी त्या बायका बसतात कुठे, ते बघ," विद्युलता म्हणाली. "जागा नसेल, तर चटई तरी माग."

कनकाने मान हलवली आणि ती फाटकातून आत गेली. आतून कोणीतरी तिला तुम्ही कोण म्हणून विचारत होतं. ती आपलं नाव सांगत होती, आवाज जरा जास्तच मोठा करून. विद्युलता ते ऐकून वळली आणि तांबरमच्या गाडीसाठी पुन्हा स्टेशनकडे चालू लागली; तिकडे दुपारी दोन नवीन बायका कामाला यायच्या होत्या.